व्हीलचेअरवर बसून दिलेली नोकरीची परीक्षा

रुग्णवाहिकेतल्या तातडीच्या सेवेचा कोर्स मी पास झाले, तेव्हा आंदर मावळातल्या आमच्या वाडीत आईने पेढे वाटून सांगितलं, पोरगी डॉक्टर झाली. त्यानंतर दोन हॉस्पिटलांनी या डॉक्टरला ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवलं. नोकरीच मिळाली नाही तर अनुभव काय बाजारातून आणायचा? लोणावळ्याचं हे तिसरं हॉस्पिटल. इथेही नकार आला, तर मळवलीला मावशी ज्या बंगल्याची राखण करते, तिथे पाहुण्यांच्या चादरी बदलायला जायचं, असं घरात ठरलं होतं. त्या चादरींच्या नुसत्या विचाराने माझं डोकं फिरायचं.

मॅनेजर साहेब मीटिंगमध्ये होते. बाकं भरलेली, म्हणून मी दारातल्या रिकाम्या व्हीलचेअरवर बसले. ‘मोबाइल बंद ठेवा’ अशी पाटी होती, तर फोनही बंद केला. नेमका तेव्हाच आमच्या वाडीतला टेम्पोवाला समोरून गेला. त्याने मला पाहिलं, फोन लावला, तो लागला नाही, आणि मग त्याने वाडीत कळवून टाकलं, पोरगी दवाखान्यात व्हीलचेअरवर आहे.

आमच्याकडे कुणी दवाखान्यात असलं की घरटी एक माणूस भेटायला जातो. जो जात नाही, त्याचा उद्धार पुढे कित्येक महिने चालतो.

बऱ्याच वेळाने मला आत बोलावलं.

“खऱ्या पेशंटला कधी हात लावलाय?” साहेबांनी विचारलं.

“रबरी पुतळ्याला लावलाय, सर.”

“पुतळ्याला नातेवाईक नसतात. आमच्याकडे माणसं टिकत नाहीत ती नातेवाइकांमुळे.”

तेवढ्यात वॉचमन धावत आला. “साहेब, पिकअप भरून लोक आलेत. रडतायत.” साहेबांनी उठून केबिनला आतून कडी घातली. बाहेरच्या रडण्यात मला आईचा आवाज ओळखू आला, आणि आता चादरी पक्क्या, हे कळून चुकलं.

मी कडी काढून बाहेर गेले. मला धडधाकट पाहून सगळे आनंदतील असं वाटलं होतं. शेजारचे आबा उलट भडकले.

“चालतीयास व्हय? मग आमी कशापायी भाताची लावणी सोडून आलो?”

मला असा राग आला! “आबा, रडायचं असंल तर गेटाबाहेर. आत दोघंच थांबा, बाकीची चहाला जा. आन् पिकअप काढा आधी, तितं रुग्णवाहिका लागती.” घरी चढतो तसाच आवाज चढला होता. सगळे गुमान हलले.

आई मात्र हलेना. पिशवीत नारळ होते, भाकरी होत्या, आणि पेशंटला न भेटता माघारी जायची आमच्यात रीत नाही. ती जनरल वॉर्डात शिरली. कोपऱ्यात पाय मोडलेले एक म्हातारे एकटेच पडले होते. आईने त्यांच्या उशाशी नारळ ठेवला, कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, “लय दुखतंय का, भाऊ?” मग आबाही स्टुलावर बसले आणि दोघांची भातावर चर्चा सुरू झाली.

साहेब मघापासून मागे उभे राहून हे सगळं बघत होते. “उद्यापासून कॅज्युअल्टीच्या दारावर या,” ते मला म्हणाले. “मदतनीस म्हणून. ही मंडळी मात्र घरी ठेवा.”

“मावशीला सांगते, पोरगी न्हाई येत म्हनून,” आई म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. या वेळी तिला गेटाबाहेर काढायचं मला सुचलं नाही. मीही रडत होते.

दुसऱ्या दिवशी पहिलंच काम मिळालं, त्या म्हाताऱ्यांना एक्स-रेला न्यायचं. व्हीलचेअर तीच. बसता बसता त्यांनी दाराकडे पाहिलं.

“काल लय मानसं आलती. आज कोन यायचंय?”

“मी आलेय की, बाबा,” म्हटलं आणि ब्रेक काढला.