बाकीचे सांधे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — आईलाही नाही, आणि ज्याला सर्वांत आधी कळायला हवे होते त्या सुहासदादालाही नाही.

तुम्हाला वेल्डिंगमधले काही कळत नसेल तरी चालेल. मला कळत होते — अडचण तीच आहे. मी धातुशास्त्र शिकले, कट्टा गावात वर्कशॉप काढले, आणि पहिलीच बोट बांधली ती आचऱ्याच्या सुहासदादासाठी. तो माझा चुलतभाऊ. पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणे हा त्याचा धंदा.

अ‍ॅल्युमिनियम टिग वेल्डिंगने जोडताना सांध्यात एक बारीक सळी वितळवून भरतात — फिलर रॉड. बोटीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यात मॅग्नेशियम भरपूर असते, म्हणून रॉडही मॅग्नेशियमचाच हवा. तो जरा हट्टी. चटकन पसरत नाही, कडेला काजळी धरतो. सिलिकॉनचा रॉड मात्र लोण्यासारखा वाहतो, सांधा कसा चकचकीत दिसतो. पण या पत्र्यात तो घातला की सांधा ठिसूळ होतो. लाटांच्या हिसक्यांनी वाकत नाही — तडकतो. यावरचे प्रश्न मी परीक्षेत सोडवले होते. अज्ञानाचा आडोसा घ्यायचा तरी कसा?

बोट पाण्यात सोडायचा दिवस ग्रामदेवतेच्या कौलाने ठरला होता. आदल्या दिवशी तळाच्या आडव्या पट्ट्यांचे काही सांधे उरले आणि मॅग्नेशियमचे रॉड संपले. कोल्हापूरचे पार्सल आले नव्हते. कोपऱ्यात इंजिनांची ओतीव झाकणे जोडायचे रॉड पडले होते — सिलिकॉनचे. दिवस बदलता येईल का? — मी विचारलेसुद्धा नाही. पहिली बोट, सारा गाव येणार, फोटो निघणार. मी तेच रॉड उचलले. माझ्या हातून इतके सुबक सांधे पूर्वी कधी उतरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नारळ ठेवून गावातल्या वडीलधाऱ्या तात्यांनी गाऱ्हाणे घातले. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या हातसून काय चुकला-माकला असात तर पदरात घी, आणि बोटीची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मीही म्हणाले — सगळ्यांपेक्षा मोठ्याने. काय चुकले होते ते त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होते.

“इंजिनेरबाय, बोट तुझ्यापेक्षा देखणी झाली गो!” दादा हसून म्हणाला. मीही हसले. तेव्हापासून दुपारचा वारा वाढला की हातातले काम ठेवून मी दाराशी जाते.

पण मला सांगायचे आहे ते याच्याही पुढचे. गेल्या हिवाळ्यात बोटीत पाणी येऊ लागले म्हणून दादाने ती वर्कशॉपला आणली. मी तळाशी वाकले. केसाएवढी चीर — माझ्याच सुबक सांध्याच्या मधोमध. तेव्हा तरी बोलायचे ना? मी म्हणाले, “दादा, खडपाक लागली असतली.”

त्याने चिरेवरून अंगठा फिरवला. “खंय आपाटली, माका आठवना नाय,” तो म्हणाला. “पण माझीच चूक असतली गो. माणसा असतत बोटीत — माका बघूक होया होता.”

मी तेवढा एक सांधा खरवडून काढला आणि योग्य रॉडने पुन्हा भरला. बाकीचे उघडले असते तर कारण सांगावे लागले असते. म्हणून उघडले नाहीत.

तेव्हापासून तो खडकांपासून फार लांबून, वळसा घालून बोट नेतो — उघड्या समुद्रातून, जिथे लाटा मोठ्या असतात. माझ्या खोटेपणाने त्याला तिकडे ढकलले आहे. भरती-ओहोटीइतके हे मला स्पष्ट दिसते, आणि मी गप्प आहे.

हे मी त्याच्याआधी तुम्हाला सांगितले. वारा सुटला आहे. दादा आत्ता बोट घेऊन बाहेर गेला आहे. बोट भरलेली आहे.