शेवटचा कोपरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मंजिरीला, अर्धं माहीत आहे. तुम्हाला पूर्ण सांगतो — हसावंसं वाटेल तिथे खुशाल हसा.

मी गोधड्या शिवतो. सौदीत धाहरानला इंजिनियर आहे, पोट सुटलंय, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, शेजारच्या खोबर शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जुन्या साड्या अंथरून त्यांवर पालथा पडून धावदोरा घालतो. काय सुख असतं म्हणून सांगू! बाहेर ऊन भाजतंय, आत एसी, शेजारी चहा, आणि टाक्यांची ओळ आपली सरकतेय. नाशिकजवळच्या आमच्या मळ्यात आई आणि काकू दुपारी कांद्याच्या चाळीच्या सावलीत गोधडी शिवायच्या, मी सुईत दोरा ओवून द्यायचो. हात तिथेच बसला. शेवटचा कोपरा बंद करताना आई आत भाकरीचा तुकडा ठेवायची — गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मी इथली रोटी ठेवतो, खुब्ज. चालतं तिला.

ओळखीतल्यांना वाटतं, गोधड्या मंजिरी शिवते. तिला साधं बटण लावता येत नाही. लोकांनी कौतुक केलं की ती लाजून दाखवते, आणि पाहुणे गेले की आम्ही दोघं पोट धरून हसतो. हे सोंग माझ्या हट्टाचं. का? चारचौघांत सुईदोऱ्याची लाज वाटते, दुसरं काय.

इथवर मंजिरीला माहीत आहे.

कंपनीच्या बसमध्ये रत्नागिरीचे लतीफभाई असायचे. माझ्याहून मोठे, स्टोअरचे साहेब, आवाज दणदणीत. एके सकाळी त्यांनी भर बसमध्ये जाहीर केलं — नात झालीये, आणि वारलेल्या आईच्या लुगड्यांची गोधडी ते स्वतः शिवताहेत. बस हसली. तेही हसले, इतके खुशीत होते! मग माझ्याकडे वळले.

"भाऊ, तुम्ही मळ्यातले. शेवटच्या कोपऱ्यात आमची आई कायतरी घालायची, काय ते आठवत नाय. तुमच्याकडे काय घालतात ओ?"

माझ्या अंगठ्याला सुई टोचल्याची खूण ताजी होती. मी मूठ मिटली.

"मला काय विचारता? ही बायकांची कामं," असं म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

ते नुसतं "बरं" म्हणाले.

सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गोधडी बसमध्ये आणली. लालभडक, टाके वाकडेतिकडे, आणि काय सुंदर! मी कोपरे चाचपले. कापडच होतं. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? चार टाके उसवायचे, तुकडा सरकवायचा, पुन्हा शिवायचं. मी "छान झालीये" म्हणालो.

लतीफभाई आता कायमचे गावी गेलेत. नात शाळेत जाते, गोधडीशिवाय झोपत नाही. तिचे फोटो येतात, मी उत्तरादाखल अंगठा पाठवतो.

माझ्या घरातली प्रत्येक गोधडी जेवलेली आहे. ती एक उपाशी गेली, आणि तिला काय द्यायचं ते मला माहीत होतं.