मशीनवरची पंचफुलाबाई

झाडावर चढायच्या आधी पंचफुलाबाई चपला काढायची, लुगड्याचा काष्टा करकचून ओढायची आणि खाली जमलेल्या गड्यांना सांगायची, "ज्याले लाज वाटते त्यानं तिकडं तोंड करावं. मी वर जाऊन राह्यलो." आमच्याकडच्या बाया 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, त्यात नवल नाही. नवल हे की पाठीला दोरीनं भोंगा बांधून, चाळिशीची बाई खारीसारखी सरसर कडुलिंबावर चढायची आणि शेंड्याजवळच्या फांदीला तो भोंगा आवळून खाली यायची. एकाही गड्यानं तिकडं तोंड केलेलं मी पाहिलं नाही.

खाली आली की घाम पुसत मशीनपाशी बसायची, माईक तोंडाशी धरायची. दुसरे लोक 'हॅलो, हॅलो' करतात. ही म्हणायची, "मी पंचफुला बोलतो. आयकू येते का?" मग गावाच्या त्या टोकावरून कुणीतरी "येते वो बाई!" असं ओरडायचं. ओरड नाही आली तर पुन्हा झाडावर. भोंग्याचं तोंड फिरवून यायची. तिचं म्हणणं, "ज्याच्या घरी पत्रिका नाई गेली, त्याच्याही घरी लगन आयकू गेलं पायजे."

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली, सावली तालुक्यातल्या आमच्या गावची. गावात वीज होती म्हणा, पण ती पाहुण्यासारखी यायची, म्हणून मशीन बॅटरीवर चाले. मशीन, भोंगा, तबकड्यांची पेटी, हे सगळं पंचफुलाबाईच्या नवऱ्यानं, दशरथभाऊनं उभं केलेलं. तो राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीवर जीप चालवायचा आणि लग्नसराईत रजा टाकून भोंगा लावायचा. हिवतापानं आठ दिवसांत गेला. दिवस-पाणी झालं, आणि धाकटा दीर बैलबंडी घेऊन दारात उभा. "वहिनी, मशीन मी चालवतो. तुम्हाले त्यातलं काय समजते?" बाईनं त्याला आधी चहा पाजला. मग म्हणाली, "तुमच्या भावाले तरी कुठी समजत होतं जी? तारा मीच जोडत होतो. ते फक्त मिशीवर हात फिरवत बसत." बंडी रिकामी गेली. पण दिराची नजर मशीनवरून काही हटली नाही.

आता त्या तबकडीचं सांगते, कारण तिच्याशिवाय ही बाई तुम्हाला कळायची नाही. पेटीतल्या बाकी तबकड्या ताटाएवढ्या मोठ्या, सिनेमाच्या आणि भीमगीतांच्या. ही एकच बशीएवढी. खाणीवर यंत्र बसवायला आलेला एक गोरा साहेब मायदेशी जाताना दशरथभाऊला देऊन गेला होता. तिकडे त्या वर्षी ते गाणं फार गाजत होतं म्हणे, आणि अशी एकेका गाण्याची छोटी तबकडी सुटी विकत मिळायची. वर कागदाचं पाकीट. त्यावर कापसाच्या बोंडासारखे फुललेले केस असलेली, डोळ्यांवर निळा रंग लावलेली एक बाई. तबकडीच्या मधलं भोक हे एवढं मोठं, मशीनच्या खिळ्यावर बसेचना. बाईनं सुताराकडून सागवानाची चकती घासून घेतली, भोकात ठोकून बसवली. मागच्या बाजूला तेच गाणं, पण बिनगळ्याचं, नुसता बाजा. तो बाजा ती पंगत बसली की लावायची.

गाणं इंग्रजी. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. पण प्रत्येक लग्नात, नवरी निघताना, ती तबकडी लागणार म्हणजे लागणारच. आधी थेंब पडल्यासारखे सूर, मग एका गड्याचा जाड, जड, विहिरीतून आल्यासारखा आवाज. हळूहळू तो गडी तळमळायला लागायचा, मध्येच ढोल धाडकन पडायचे, आणि मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. आमचं सगळ्यांचं ठरलं होतं की पाकिटावरची ती बाई मेली असणार आणि हा गडी तिच्यासाठी रडतो आहे. "कसा रडून राह्यला बापा," माझी आई दर वेळी म्हणायची, "आपल्या इकडचे गडी असे रडत असते तर?"

एका लग्नाला सावलीच्या हायस्कुलातले नवे इंग्रजीचे मास्तर आले होते. नवरी निघाली तरी शेवटची पंगत चालूच होती; गाणं लागलं तसे ते पंगतीतून उष्ट्या हातानं उठून मशीनपाशी आले. मी तिथंच होते. मला मशीनपाशी बसायला आवडायचं.

"बाई, हे चुकीच्या गतीवर लावलंय तुम्ही."

"म्हंजे?"

"मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेऱ्या फिरते, ही छोटी पंचेचाळीस. तुमची गतीची दांडी तेहतीसवरच आहे."

"ते दांडी हालत नाई जी. मशीन आणलं तवापासून गंजून बसली हाय. आतापावतर काय बिघडलं?"

मास्तर हसायला लागले. "बिघडलं असं की हळू फिरून आवाज जाड झालाय. हा पुरुष नाही. बाई गाते आहे. पाकिटावर आहे ना, तीच."

पंचफुलाबाईनं कंदिलातलं रॉकेल चिंधीवर घेतलं, दांडीच्या मुळाशी पिळलं, आणि चिमट्यानं ती दांडी मागे-पुढे हलवत राहिली. कट्कन आवाज झाला. दांडी सरकली. तिनं पुन्हा सुई ठेवली.

आणि भोंग्यातून बाईचा आवाज आला. उंच, धारदार, धुवून उन्हात वाळवलेला. मांडवात पंगत वाढणारे थांबले. पंचफुलाबाई उभी राहून ऐकत होती, हातात चिमटा तसाच. गाणं संपल्यावर तिनं मास्तरांना विचारलं, "काय म्हणते ते?"

मास्तरांनी आठवून आठवून सांगितलं, "ती म्हणते, तुला जायचं तर जा. पण मी इथंच आहे. मला इथून कुणी हलवू शकत नाही. असं काहीतरी."

"रडत नाई मंग ते?"

"नाही हो. भांडते आहे."

बाई मला म्हणाली, "पाह्य वो पोरी, इतके दिवस मी त्या बिचारीले गड्याच्या आवाजात गायाले लावलं. माह्या हातानं." असं म्हणाली जणू शेजारच्या घरातल्या कुणावर तिच्याकडून अन्याय झाला होता.

गंमत अशी की गावाला ही गाणारी बाई मुळीच आवडली नाही. पुढच्या लग्नात लोक तक्रार घेऊन आले. "बाई, आमचा रडणारा गडी लावा जी. हे टिटवी काऊन लावली?" दांडी मागे सरकवायची, एवढंच काम होतं. तिनं सरकवली नाही. "तो गडी नोहोताच," ती माईकवरूनच म्हणाली. "हे बाई हाय, अन् ते तिच्याच आवाजात गाईल. ज्याले टिटवी वाटते त्यानं कानात कापूस घालावा. पाकिटावर तिच्या डोक्यावर भरपूर हाय." सगळा मांडव हसला, पण गाणं तसंच वाजलं. तेव्हापासून तसंच.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा राजुऱ्याचा, खाणीच्या कारखान्यात फिटर. आमच्यासारखंच बौद्ध घर. त्यांच्याही आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आमच्याही. मुलाला वडील नव्हते, म्हणून सगळी सूत्रं त्याच्या मामाच्या हाती. मांडव जांभळाच्या डहाळ्यांचा, पुढे टेबलावर दोन तसबिरी, मेणबत्त्या. मी पांढऱ्या लुगड्यात आतल्या खोलीत, खिडकीपाशी. वऱ्हाडाचा उतारा, म्हणजे जानोसा, शाळेत; वरात तिथून निघून मांडवाच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली.

मामानं मशीनकडे बोट दाखवलं. "हे कोण बाई?"

"आमच्या गावची भोंगेवाली," माझे बाबा म्हणाले.

"कपाळ तर मोकळं दिसते."

"मालक वारले तिचे."

"मंग शुभकार्यात पहिला आवाज विधवेचा निघन काय? गडी बसवा मशीनवर. त्याबिगर वरात आत येत नाई."

आणि दीर तिथंच उभा होता, डोक्याला तेल लावून, नवा सदरा घालून. मला आजही वाटतं, त्यानंच मामाच्या कानात घातलं असणार. "वहिनी, उठा. मी बसतो," तो म्हणाला. फार गोड आवाजात म्हणाला.

बाबांनी पंचफुलाबाईपुढं हात जोडले. "बाई, घटकाभर. माझ्या पोरीचं लगन हाय."

मला खिडकीतून तिचं तोंड दिसत होतं. ती आणि मी, आम्हा दोघींनाही कळत होतं की प्रश्न घटकेचा नाही. स्वतःच्या गावात, भरल्या मांडवात एकदा ती उठली, की उद्या साऱ्या तालुक्यात तिला कुणी मशीनवर बसू देणार नव्हतं. दीर बसणार, तो कायमचा बसणार.

"भाऊ," ती बाबांना म्हणाली, "मांडव तुमचा हाय. तुम्ही म्हणाल तर आत्ता भोंगा उतरवतो, मशीन उचलतो, घरी जातो. पण मशीन इथी अन् मी घरी, असं होणार नाई."

"नेऊ द्या!" मामा ओरडला. "बिनभोंग्याचं लगन लावू. काही अडत नाई."

बाबा खाली पाहत राहिले. आणि मी? लोकांना वाटतं मी तेव्हा काही बोलले असेन. नाही बोलले. खिडकीचा गज धरून उभी होते, तोंडाला कोरड पडली होती. सरळ सांगायचं तर भ्याले होते. मोडलेल्या लग्नाच्या पोरीला पुढं कोण विचारतं, हाच विचार.

बाई उठली. चपला काढल्या, काष्टा ओढला, झाडाकडे निघाली. चार पावलं गेली आणि वळली. वरातीकडे नीट निरखून पाहिलं. मग परत येऊन मशीनपाशी बसली आणि माईक उचलला.

"मी पंचफुला बोलतो. आयकू येते का?"

सवयीनं तिकडून कुणीतरी ओरडलं, "येते वो बाई!"

"नवरदेवाची माय वरातीत दिसून नाई राह्यली. ते शाळेत बसली असन, अंधाऱ्या खोलीत, तिचेही मालक वारले म्हणून. माय, तुले नऊ महिने ओझं झालं तवा कोणी अशुभ नाई म्हटलं. पोराचं लगन तुह्याबिगर लागणार नाई. ये. आपण दोघी संगं बसू."

मामा धावला. "बंद करा हे! कोणी काढली हे भानगड?"

"भानगड?" बाईनं माईक खाली ठेवला नाही, म्हणून पुढचंही साऱ्या गावानं ऐकलं. "दीक्षा घेऊन तीस वर्षं होत आली तुमच्या घराले, मामा. जुने देव पेटीत घालून नदीत सोडले. हे विधवेच्या सावलीची भीती तेवढी घरी ठेवून घेतली काय? चांगली वाटली म्हणून?"

कुणी हसलं नाही. मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यातल्या निम्म्या मागच्या रांगेत बसल्या होत्या, आणि का बसल्या होत्या ते त्यांना माहीत होतं. नवरदेव, म्हणजे आमचे हे, मामाच्या शेजारी दगडासारखे उभे.

बराच वेळ गेला. मग शाळेच्या वाटेनं एक बाई येताना दिसली. बारीक चणीची, पांढरं पातळ, अनवाणी. चप्पल घालायलाही थांबली नव्हती. वरातीतून तिला वाट मिळत गेली. मामाजवळ आली तेव्हा तो म्हणाला, "बाई, तू कशाले आली?" ती त्याची धाकटी बहीण. जन्मात त्याच्यापुढं बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. त्याच्या बाजूनं पुढं गेली, आणि मशीनपाशी पंचफुलाबाईनं सरकून जागा केली तिथं सतरंजीवर बसली.

मग आमचे हे मामाला सोडून मांडवात आले. त्यांच्यामागं वरात आली. सगळ्यांत शेवटी, घसा खाकरत, मामा. त्रिशरण झालं, पंचशील झालं, लग्न लागलं. दीर जेवायला थांबला नाही.

त्यानंतर पंचफुलाबाईला मशीनवरून उठ असं कुणी म्हटलं नाही. नाही म्हणजे, मागं बोलणारे बोलत. एक-दोन गावांनी बोलावणं बंद केलं. बाई म्हणायची, "ज्याले माह्या आवाजाचा विटाळ होते, त्याच्या लगनात मले जेवणही गोड लागत नाई." राजुऱ्याहून आम्ही माहेरी यायचो तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, हट्टानं सोबत यायच्या. त्या आणि पंचफुलाबाई ओट्यावर बसून तासन् तास काय बोलायच्या कोण जाणे. एकदा मी चहा घेऊन गेले तर आत्याबाई माईक तोंडाशी धरून बसल्या होत्या, मशीन बंदच होतं. पंचफुलाबाई म्हणाली, "आणखी जवळ धर. त्याले घाबरू नोको, ते चावत नाई."

दशक सरता सरता ती काविळीनं गेली. निरोप मिळाला तसे आम्ही सासू-सुना मिळेल त्या गाडीनं निघालो. तिला मूलबाळ नव्हतं. दिरानं मडकं धरलं, तेवढं त्यानं केलं. वैनगंगेवर न्यायला तिरडी उचलली आणि शिवेपाशी गावातला एक म्हातारा बुवा हात आडवा करून उभा राहिला. "बायांनो, इथूनच परता. घाटावर बाया येत नसतात."

सगळ्या बाया थांबल्या. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलणार नव्हत्या, मला माहीत होतं. त्यांचं बोलणं पायांचं.

माझ्या तोंडाला पुन्हा तशीच कोरड पडली. पण मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं, मागच्यांना ऐकू जाईल असं, "नाई परतत, बुवा. तुम्ही बाजूले व्हा."

आत्याबाई तोवर पुढं निघाल्याही होत्या. मी त्यांच्या मागं. आणि मागून पावलांचा आवाज आला तेव्हा मी वळून मोजलं नाही किती जणी आहेत ते.