पाणी मालकाचं

आमच्या गावात कुणी घर बांधायला काढलं की आधी पुरुष माणसं सोप्यात बसत, पानाचं तबक मधे येई आणि दार पूर्वेला की उत्तरेला यावर अख्खी दुपार जाई. गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं, सगळी तंबाखू पिकवणारी माणसं. आम्ही राहत होतो त्याच घरात तंबाखूची बोदं, म्हणजे भरलेली मोठी पोती, थप्पी लावून ठेवलेली असत. त्यांचा खकाणा घरभर उडायचा. शिंकून शिंकून जीव नकोसा व्हायचा आणि आई सारखी खोकायची. एका साली तंबाखूला बरा दर आला, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत राहायला वेगळं घर बांधायचं ठरवलं. त्याचा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

त्याच वर्षी मला सातवीची परीक्षा द्यायची होती. गावातली सातवीपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटीच. परीक्षा चिकोडीला. पास व्हायचं आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगला अर्ज करायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आप्पांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "ह्या साली बस परीक्षेला. न्हाय झालीस पास, तर पुढच्या साली लगीन." आप्पा शब्दाला पक्के. बोलले ते करणार, मग ते आपल्या सोयीचं असो नाहीतर गैरसोयीचं. म्हणजे माझ्या हातात ते एकच वर्ष होतं.

दोन मेस्त्र्यांनी खर्चाचे अंदाज लिहून दिले, एक शेजारच्या गावचा आणि एक संकेश्वरचा. आप्पांना मोडी सरसर वाचता यायची, बालबोध वाचताना मात्र अडखळत. म्हणून मला हाक आली. सोप्यात आप्पा, त्यांचे धाकटे भाऊ अण्णा आणि शाळेतले गुरुजी बसले होते. आतल्या दाराआड आई आणि काकू तांदूळ निवडत होत्या. मी दोन्ही कागद मोठ्यानं वाचले. पाया दगडाचा, भिंती विटा-चुन्याच्या, चौकटी सागाच्या, वर मंगलोरी कौलं, सगळं सारखंच. शेजारच्या मेस्त्रीचा आकडा मात्र मोठा होता. त्याच्या कागदाच्या शेवटी होतं, 'पाणी आमचे.' संकेश्वरवाल्याच्या कागदात होतं, 'पाणी मालकाचे.'

गुरुजी म्हणाले, "सगळं सारखंच आहे की हो. मग जादा पैसे कशाला मोजायचे?"

"पान्याचं काय घेऊन बसलाय," अण्णा म्हणाले, "हिरीत हाय की."

संकेश्वरचा मेस्त्री ठरला, आणि तबकातलं पान संपायच्या आत ठरला.

विहिरीत पाणी होतं, यात खोटं काही नाही. पण ते विहिरीतून घरातल्या रांजणात कसं येतं, हे सोप्यात बसलेल्या तिघांपैकी कुणी कधी पाहिलं नसावं. ते आई आणायची, काकू आणायची, आणि कळशी पेलायला लागल्यापासून मी आणायची.

तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका व्यापाऱ्याच्या घराचं काम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ तिकडे गेले. चुना मळायच्या घाणीला बैल फिरत होता, त्यात पाणी. विटा हौदात भिजत पडल्या होत्या, त्यात पाणी. उभी राहिलेली भिंत ओली ठेवायची, तिला पाणी. त्या घरची सून डोक्यावरची घागर हौदात ओतून पदरानं तोंड पुसत होती.

"आक्का, भिंत तर झालीया न्हवं? मग आजून कशाला पानी?" मी विचारलं.

"बांधून झाल्यावर तर लईच मागतीया गं," ती म्हणाली. "तान्ह्या पोरागत. जरा इसरलं की फुटलीच."

ती चुंबळ नीट करायला लागली तेव्हा टाळूवरचे तिचे केस विरळ झालेले दिसले. आमचं बांधकाम माघात सुरू होऊन उन्हाळाभर चालणार होतं, आणि माझ्या अभ्यासाचे दिवसही नेमके तेच. मी घाबरले. वाटेत ती भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. राग मला लहानपणापासून लवकर यायचा. घरच्यांनी त्याबद्दल मला पुष्कळ बोलून घेतलं, पण माझी खरी कामं त्यानंच केली आहेत.

जेवताना मी म्हटलं, "आप्पा, पानी फुकट न्हाय."

"मग काय हिरीला पगार द्यायचा?" आप्पा म्हणाले. अण्णांना हसता हसता ठसका लागला.

कराराचा मसुदा गुरुजींनी सांगायचा आणि मी लिहायचा असं ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं. त्यांनी सांगितलं ते सगळं मी मुकाट्यानं लिहिलं. फक्त 'पाणी मालकाचे' याच्यापुढे एक ओळ माझ्या मनानं घातली.

सह्यांच्या दिवशी संकेश्वरचा मेस्त्री आला, दोन साक्षीदार आले. मला वाचायला सांगितलं. मी आधीच्या कलमांच्याच आवाजात वाचलं, "पाणी मालकाचे. ते मालकाच्या घरच्या पुरुषांनी भरावे."

"काय वाचलीस?" अण्णा म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"आमी पानी भरायचं? मग तंबाखूच्या सौद्याला कोन जानार? मळ्यातली कामं कोन करनार?"

मेस्त्री कामाचा माणूस, त्याला यात थट्टा दिसलीच नाही. तो सरळ मनानं सांगू लागला, "मग गडी लावा. गाडी लागंल, पिंप लागंल. बैल रोजच्याला गुतनार, त्येची वैरन आली..." तो एकेक सांगत गेला आणि गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेजारच्या मेस्त्रीचा आकडा मोठा का होता, ते आता सोप्यातल्या सगळ्यांना दिसत होतं.

आप्पांना चारचौघांत खाली पाहावं लागलं, ते त्यांना सोसलं नाही. "लई शानी झालीस," ते म्हणाले. "खोड ती वळ."

टाक माझ्या हातात होता. मी तो कागदाला लावला नाही.

तेवढ्यात दाराआडून आई बोलली. परक्या पुरुषांसमोर तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "खोडायचं न्हाय. पानी मालकाचं म्हनून लिवून दिलासा, मग आमाला कुनी इचारलं व्हतं?"

आप्पांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. संकेश्वरचा मेस्त्री दूध पिऊन परत गेला आणि काम शेजारच्या गावच्या मेस्त्रीला मिळालं. त्याच्या करारातही आईनं ती ओळ घालायला लावली: पाणी मेस्त्रीने गाडीने आणावे, त्याला अडचण आल्यास मालकाच्या घरच्या पुरुषांनी भरावे. आप्पांनी सही केली, पण माझ्याशी बोलणं टाकलं. ते मला फार लागलं. पुस्तक मात्र मी खाली ठेवलं नाही.

भिंती कौलांच्या उंचीला आल्या आणि माझी परीक्षा तोंडावर आली, नेमका तेव्हाच मेस्त्रीचा बैल पायानं अधू झाला. पाण्याची गाडी बंद, आणि आमची गाडी तंबाखू घेऊन निपाणीला गेलेली. ऊन असं की ओली भिंत बघता बघता पांढरी पडे. अण्णा माझ्याजवळ येऊन बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "आजचाच दिस गं. आपलीच भिंत हाय, फुटंल की."

भिंत आपलीच होती, हे मलाही कळत होतं. मी पुस्तक मिटलं आणि उठायला लागले.

"बस तू," आप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "कागदावर काय लिवलंय? सही माझी हाय."

त्यांनी डोक्याला पटका गुंडाळला आणि कावड खांद्यावर घेतली. मागून अण्णा निघाले, तोंड एवढंसं करून. विहिरीवर बायकांनी पदराआड हसून वाट दिली म्हणे.

दिवस मावळता आप्पा आले आणि जोत्यावर टेकले. खांदा सोलवटून लाल झाला होता. आईनं तांब्या पुढे केला. ते प्यायले नाहीत, नुसतं तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

"रोज आनतीस व्हय गं हे?" त्यांनी विचारलं.

"मग कोन आनतंय?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांनी स्वतः गाडी जुंपून मला चिकोडीला पोचवलं. मी पास झाले, ट्रेनिंगला गेले, जन्मभर मास्तरीण राहिले. पण त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळेच्या फाटकाशी उतरवून आप्पा म्हणाले, "सावकाश ल्ही. मी सांजच्याला येतो न्यायला." आणि बैल वळवता वळवता म्हणाले, "आदी भिंतीला पानी घालतो, मग येतो."