सकाळी फोन न उचलणारी मुलं

आमच्या कॉलेजातला लॅब टेक्निशियनचा कोर्स ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायची वेळ गेल्या उन्हाळ्यात आली. आमचे अध्यक्ष मूळचे चऱ्होलीचे, जमिनीच्या व्यवहारात मुरलेले. रक्त तपासायच्या रसायनांची बिलं पाहिली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यात वर्गातली निम्मी बाकं रिकामी. शिकून गेलेली पोरं घरीच बसणार असतील तर कोर्सला कुलूप लावू, असं त्यांनी सांगून टाकलं. हा कोर्स मी पहिल्या बॅचपासून शिकवते.

मग ऑफिसातले क्लार्क आणि मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला बसलो. रोज सकाळी, कॉलेज उघडल्या उघडल्या. बहुतेक फोन नुसते वाजत राहायचे. उचलणाऱ्यांपैकी कुणी नोकरी शोधत होतं, आणि एकाने तर चाकणला कांद्याचा व्यापार धरला होता. त्याने मलाच विचारलं, मॅडम, एखादी गोणी पाठवू का? न उचलणारेही रिकामेच, असं क्लार्कनी परस्पर धरलं. राग आला, तरी मी पुढचा नंबर लावला.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला एका घाबरट मुलीला मी रक्त कसं काढायचं ते दाखवत होते. सुई शिरेत, दोन्ही हात गुंतलेले, आणि पर्समधला फोन ठणाणा वाजतोय. मी ढुंकूनही पाहिलं नाही. कापूस लावून होतोय तोच क्लार्क दारात, गाल फुगवून. फोन का उचलत नाही, म्हणाले. मी हसतच सुटले. सकाळ म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायची वेळ. प्रत्येक लॅबमध्ये रांग, कंपन्यांमध्ये कामगारांची वार्षिक तपासणी. अशा वेळी आमचा फोन उचलणार तो बिनकामाचाच! लॅबचंच शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये म्हणजे कमाल झाली.

दुपारी चहानंतर फोन लावले आणि एकेक आवाज यायला लागला. कुणी वाकडच्या हॉस्पिटलात, कुणी चाकणच्या कंपनीतल्या दवाखान्यात. पगार डोळे दिपवणारे नव्हते, पण बहुतेक जण कामाला लागले होते. मला इतका आनंद झाला की क्लार्कना मी वडापाव खिलवला.

अध्यक्षांचा मात्र विश्वास बसेना. तुम्ही पढवलं असेल, म्हणाले. मग तुम्हीच लावा, मी म्हटलं. त्यांनी स्पीकर चालू करून एका मुलीला फोन लावला. वडील परभणीहून आलेले वेल्डर, आणि ती आता पिंपरीतल्या एका लॅबमध्ये. आमच्या कोर्सचा काही उपयोग झाला का, खरं सांग, असं अध्यक्षांनी दरडावूनच विचारलं.

ती म्हणाली, "सर, धाकट्या बहिणीला तिथंच घालायचंय. फी मी भरणार आहे. जागा आहे का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"हाय," ते म्हणाले. "सोमवारी घिऊन ये तिला."