पाझराचं गढूळ पाणी

ते धरण मी कधीच पाहिलं नाही. बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात बसून मी फक्त त्याचे आकडे बघायचे. दूरच्या एका वाळवंटी देशातलं ते मातीचं अवाढव्य धरण. वीज, शेती, पिण्याचं पाणी, सगळं त्याच्यावरच. धरणाच्या पोटात बसवलेल्या यंत्रांची नोंद रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर यायची. काही बिघडतंय असं वाटलं, तर आमच्या कंपनीने तिथल्या खात्याला कळवायचं.

धरणावर एक वयस्कर इंजिनिअर होते. अख्खी नोकरी त्यांनी तिथेच काढलेली. फोनवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला ‘मुली’ म्हणायचे.

एका मार्चमध्ये पायथ्याजवळच्या यंत्रात पाण्याचा दाब चढू लागला. जलाशयाची पातळी मात्र होती तिथेच. मी त्यांना फोन केला.

“यंत्र बिघडलं असेल का?”

ते म्हणाले, “खाली उतरून बघतो.”

तासाभराने फोटो आला. काचेच्या ग्लासात पाझराचं पाणी आणि तळाशी बोटभर पिवळी माती. मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच, पण ते स्वच्छ असावं लागतं. गढूळ झालं की समजायचं, धरण आतून वाहून चाललंय.

“वरच्यांना दाखवला,” ते म्हणाले. “म्हणतात, ग्लास धुतलेला नसेल.”

मी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला: जलाशयाची पातळी ताबडतोब उतरवा. बॉसने तो दोनदा वाचला.

“ऐन उन्हाळ्यात पाणी सोडून दिलं, तर तिथली शहरं प्यायची काय?”

“ती शहरं धरणाच्या खालीच आहेत,” मी म्हटलं.

त्याने सही केली, पण ‘ताबडतोब’ खोडून ‘शक्य तितक्या लवकर’ केलं. मी ते पाहिलं आणि रिपोर्ट तसाच पाठवून दिला.

आठवड्याने खात्याचं उत्तर आलं: सदर यंत्र सदोष असल्याने यादीतून वगळले आहे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्क्रीनवर तो रकाना कोरा.

इंजिनिअरांनी बायको-नातवंडांना डोंगराकडच्या गावी पाठवून दिलं. शेजाऱ्यांना लग्नाचं कारण सांगितलं.

“खरं का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी तुरुंगात असतो, मुली. आणि मग खाली उतरून बघणार कोण?”

जूनमध्ये धरणाच्या कोरड्या अंगाला, शहरांकडच्या बाजूला, डबकं साचलं, तेव्हा कुठे घाईघाईने दरवाजे उघडले. खालची शेतं बुडाली, माणसं वाचली. धरणाच्या आत पडलेल्या भगदाडात नुसतं सिमेंट भरलं म्हणे. आमचं काम काढून घेतलं. इंजिनिअरांना निवृत्त केलं, आणि त्यांचा नंबरही बंद झाला.

धरण यंदा पुन्हा काठोकाठ भरणार, अशी बातमी परवा पुंगोल भागातल्या आमच्या घरी चहा पिताना वाचली. पातळी उतरवा, असं पत्र मी तिथल्या खात्याला स्वतःच्या नावाने पाठवलं. नवरा म्हणाला, “तुझं कोण ऐकणार?”

या वेळी ‘ताबडतोब’ हा शब्द तसाच ठेवलाय. अजून उत्तर नाही. पाणी चढतंय.