बाटलीची मागची बाजू
सोया सॉस आणि साखर उकळल्याचा वास आला की आजही माझा हात आधी बाटली फिरवायला जातो. पदवीचा निकाल लागला त्या दुपारी मी मोबाईलवर बघून जपानी पद्धतीचे आंबटगोड खिम्याचे गोळे केले आणि त्यात बाटलीतला जपानी सॉस ओतला. "हे तर आपले कोफ्तेच, साखरेत पडलेले!" अम्मी हसली. तिला वाचता येत नाही. घरातलं प्रत्येक पाकीट मीच वाचायचे. "बाटलीपे लिखेला सब पढ लिया ना, बेटा?" "हो अम्मी," मी ऐटीत म्हणाले आणि मग बाटली फिरवली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, यात दारू आहे. पाच वेळा नमाज पढणाऱ्या अम्मीचा घास ओठांशी होता; मी तो हातानेच उडवला. घरातली पहिली पदवीधर मीच, पण अम्मी आता वाचलंस का विचारत नाही, मोठ्याने वाचायला लावते.